कडूबाभाऊंचा पंच

११ ऑक्टोबर २००४, सोमवार. स्टोअर नव्या शेडमध्ये हलवायचं आहे, म्हणून सकाळपासून माझ्या टेबलाचे ड्रॉवर रिकामे करते आहे. कामाचं निघेल ते खोक्यात, बाकीचं भंगारात. तीन ड्रॉवर झाले. चौथ्यात, पार मागे, एक बोल्ट निघाला. बोटाएवढा लांब, त्यावर एक नट, आणि नटाच्या खाली पांढऱ्या दोऱ्याची गाठ. नट फिरवून पाहिला. फिरला नाही. फिरणार नव्हताच. ड्रॉवरच्या तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एक चिठ्ठी असणार, हेही मला माहीत होतं. ती मीच तिथे ठेवली होती. अकरा वर्षं झाली.

हा बोल्ट कडूबाभाऊंचा.

आमचा कारखाना बियाण्याचा. शेतातून आलेलं बी साफ करायचं, त्याची प्रतवारी करायची, पिशव्या भरायच्या. जालन्यात असे कारखाने बरेच आहेत, त्यातला हा एक. मी १९८९ साली इथे स्टोअरकीपर म्हणून लागले. कडूबाभाऊ माझ्या आधीपासून फिटर होते. मूळचे केदारखेड्याचे. आठवडाभर जालन्यात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या भोकरदन गाडीने गावाला जायचे. ठेंगणे, काटक, बोलायला कमी. कमरेला कायम एक पांढरी चिंधी खोचलेली.

त्या चिंधीवरूनच आमचं पहिलं भांडण झालं. स्टोअरमधून मशीन पुसायला रंगीत सुताचा गुंता मिळायचा. कडूबाभाऊंनी तो परत आणून माझ्या टेबलावर ठेवला.

"याचे धागे सुटतात ताई. आन रंगीत कापडावर काय पुसलं ते दिसत न्हाई. पांढरं द्या."

पांढरं कापड मंजूर नाही, मी सांगितलं. पुढच्या सोमवारी ते गावाहून वडलांच्या जुन्या धोतराचे तुकडे घेऊन आले. मग पुढची चार वर्षं तेच चाललं. वडील वारले, धोतरं संपली, तेव्हा भावाची सुरू झाली. एका तुकड्याच्या आठ घड्या करायचे, एक घडी एकदाच वापरायची. घड्या संपल्या की तुकडा धुवायला.

त्यांचं खरं काम सांधे बांधायचं. गिअरबॉक्सचं झाकण, पाइपाचे आटे, बेअरिंगची ढिली झालेली बैठक. त्यासाठी एक पातळ सीलंट येतं, लाल बाटलीत. कॅटलॉगमध्ये त्याला ॲनएरोबिक म्हटलेलं होतं. आम्ही सगळे औषध म्हणायचो. निळं औषध उघडता येण्याजोग्या सांध्याला, हिरवं कायमच्या. याचा स्वभाव उलटा. उघड्यावर ठेवा, महिनाभर पातळच राहील. दोन लोखंडांच्या मधे दाबून त्याची हवा तोडा, की धरतं, आणि मग दगड. पण सांध्याच्या बाहेर जे ओघळतं त्याला हवा लागत असते, म्हणून ते कधीच धरत नाही. ओलंच राहतं, धूळ ओढून घेतं आणि थेंबाथेंबाने खाली येतं. आमच्याकडे मशीनच्या खाली बी असायचं.

म्हणून कडूबाभाऊ पुसायचे. सांधा जुळवायच्या आधी दोन्ही तोंडं थिनरने पुसून नाकाशी धरायचे. तेलाचा वास आला तर पुन्हा पुसायचे. जुळवल्यावर कडेने हिरवी रेघ बाहेर आली की आधी कोरड्या घडीने एक फेरी, मग थिनरच्या घडीने, मग परत कोरड्या. शेवटची घडी पांढरीच निघाली पाहिजे. कुणी घाई केली तर एकच वाक्य ठरलेलं: "आत बसलं तेवढंच कामाचं. बाहेर आलं ते पुसायचं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कंटाळा यायचा.

औषध वाळलं का, असं विचारलं की मात्र ते चिडायचे. "वाळत न्हाई ते. धरतं. वाळायला ते काय धुणं हाय?"

माझी चूक इथेच सांगून टाकते. लाल बाटल्या यायच्या त्या वरपर्यंत भरलेल्या नसायच्या, अर्ध्याच. मला वाटलं, दुकानदार फसवतोय. त्याला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, कंपनीच अशी भरते. मला पटलं नाही. रॅकवर जागा कमी, म्हणून मी घरून पितळी नरसाळं आणलं, धुऊन घेतलं आणि दोन बाटल्यांतलं औषध एका बाटलीत भरलं. काठोकाठ. आपण किती हुशार असं वाटत घरी गेले. चार दिवसांनी कडूबाभाऊंनी बाटली मागितली, उलटी केली, दाबली. काही आलं नाही. ब्लेडने बाटली उभी चिरली, तर आतून हिरवी मुसळी निघाली, बाटलीच्या आकाराची.

ते हसले नाहीत, साहेबाकडेही गेले नाहीत. म्हणाले, "अर्धी बाटली हवेसाठी रिकामी ठेवतात ताई. आन पितळ तर याचा बापच. पितळ दिसलं की हे जल्दी धरतं." मग ती मुसळी माझ्या टेबलावर ठेवून गेले. नंतर बरीच वर्षं मी ती कागदांवर वजन म्हणून वापरली. त्यांनी ही गोष्ट कारखान्यात कुणाला सांगितली नाही हे मला दोन महिन्यांनी कळलं, कारण कुणीच मला चिडवलं नाही.

आता पंच. औषध आत धरलं की नाही हे बाहेरून दिसत नाही. सांधा तर उघडून बघता येत नाही. म्हणून कडूबाभाऊंनी आपली एक रीत काढली होती. सांध्याला ज्या बाटलीतलं औषध लावलं, त्याच बाटलीतला एक थेंब एका साध्या बोल्टाच्या आट्यांवर लावायचे, त्यावर नट चढवायचे आणि तो बोल्ट सांध्याशेजारीच ठेवायचे. तीच हवा, तीच थंडी. नट हाताने फिरतोय तोवर सांधाही कच्चा. नट जाम झाला की मशीन चालू. या बोल्टाला ते पंच म्हणायचे. ऑपरेटर खालून ओरडून विचारायचा, पंच काय म्हणतो? कडूबाभाऊ वरून नट फिरवून बघायचे आणि सांगायचे, "अजून गप हाय." तोवर स्वतःही खाली बसून भाकरी खायचे. मॅनेजरांना या रीतीचा राग होता. औषधाच्या डब्यावर तास लिहिलेले असताना नट कशाला विचारायचा, असं त्यांचं म्हणणं. कडूबाभाऊंचं म्हणणं, डब्यावर लिहिणारा जालन्याला आलेला न्हाई कधी.

एका रविवारी ते माझ्या घरी आले होते. टाकीच्या नळाचा सांधा गळत होता. सांधा बांधला, पंच शेजारी ठेवला आणि वाट बघत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसले. समोर तेलाची बरणी. बरणीवर तेलाचे ओघळ. जरा वेळ त्यांनी सोसलं. मग चिंधी काढली आणि बरणी पुसली, तळाखालची फरशीही पुसली. माझ्या सासूबाई बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पंधरा वर्षं झाली, आमच्या सुनेला हे जमलं न्हाई." कडूबाभाऊ खरंच ओशाळले. त्यानंतर कितीही बोलावलं तरी चहाला आत आले नाहीत.

रजा ते फार घेत नसत. पण वर्षातून दोनदा, पेरणीच्या वेळी, अर्ज ठरलेला. कारण लिहायचे: मूठ धरायची आहे. मॅनेजर म्हणायचे, फिटरला पेरणीचं काय? कडूबाभाऊ घरात थोरले. तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे पेरताना बी सोडायच्या वाटीवर, पहिली मूठ थोरल्याची, मग पुढचं धाकट्याने, साहेबरावांनी. आजोबांपासून तसं होतं. मशीनवर काम करणारा माणूस, पण बोलायला लावलं तर फक्त याच विषयावर बोलायचे. मूठ किती सैल सोडायची, बैलाच्या चालीवर बोटं कशी उघडायची. एकदा म्हणाले, कारखान्यात राह्यलो तरी तेवढी एक मूठ माझी हाय. वर्षातले ते दोन दिवस सोडले तर या माणसाने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

१९९३ चा मे. खरिपाचा हंगाम तोंडावर, कारखाना दोन पाळ्यांत चालू. बी वर चढवणारा बादल्यांचा जो उभा पट्टा असतो, त्याच्या माथ्यावरच्या गिअरबॉक्समध्ये बेअरिंग बैठकीत फिरायला लागलं. कडूबाभाऊंनी सकाळी ते बसवलं, हिरवं औषध लावून. झाकण बांधलं, पुसलं. मी खालून बघत होते. शेवटची घडी त्यांनी उलगडून ऑपरेटरला दाखवली, पांढरी होती. पंच शेजारी ठेवला. उद्यापर्यंत थांबू द्या, निदान दुपारपर्यंत तरी, असं त्यांनी सांगितलं. मॅनेजरांना वरून फोन येत होते. अकराला त्यांनी मशीन चालू करायला सांगितलं. कडूबाभाऊ म्हणाले, पंच अजून गप हाय. मॅनेजर म्हणाले, नटाची नोकरी करतोस का माझी?

कडूबाभाऊ वर गेले, बोल्ट काढून घेतला आणि थेट स्टोअरला आले.

"ताई, हा फिरवून बघा."

मी फिरवला. नट मोकळा फिरत होता, तेल लावल्यासारखा.

"आता चिठ्ठी बांधा. आन ठेवा."

स्टोअरमध्ये येणाऱ्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची माझी सवय त्यांना माहीत होती. मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, अकरा वाजून पाच मिनिटं. खाली लिहिलं, नट हाताने फिरतो. सही केली. दोऱ्याने बांधून बोल्ट ड्रॉवरमध्ये ठेवला.

तासाभरात बेअरिंग बैठकीतून सुटलं. कच्चं औषध आणि तेल मिळून बाहेर फेकलं गेलं आणि पट्ट्याबरोबर खाली बियाण्यात गेलं. बाजरीची रास होती. मधोमध काळपट हिरवी झाली. ती सगळी रास गेली.

चौकशी चौथ्या दिवशी झाली. मॅनेजरांनी वर कळवलं होतं की फिटरने जास्तीचं औषध पुसलं नाही, तेच ठिबकलं. कडूबाभाऊंवर दुसरा कुठलाही आरोप चालला असता. न पुसल्याचा! चौकशीला वरून दोन साहेब आले होते. कडूबाभाऊ म्हणाले, पंच ताईंकडे आहे, बघा.

आता त्या पंचात एक गोम होती, आणि ती आम्हा दोघांनाही ठाऊक होती. औषध त्याच्या आत होतंच. ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या तीन दिवसांत ते धरलं. मोकळा नट जाम झाला. आता बघणाऱ्याला तो पक्का सांधाच दिसणार. मोकळा होता याला पुरावा एकच, माझी चिठ्ठी.

त्या सकाळी मॅनेजर स्टोअरमध्ये येऊन गेले होते. धमकी वगैरे काही नाही. तुमचं कायम करण्याचं पत्र माझ्या टेबलावर आहे, एवढं सहज बोलले. माझ्या नवऱ्याची जिनिंगमधली नोकरी आदल्या वर्षी सुटली होती. घरात दोन मुलं, सासूबाई. हे कारण म्हणून सांगते, सबब म्हणून नाही. मी कात्री घेतली, दोरा कापला, चिठ्ठी वर्तमानपत्राखाली सरकवली आणि बोल्ट घेऊन चौकशीच्या खोलीत गेले.

त्यातल्या एका साहेबाने नट फिरवून पाहिला. म्हणाला, हा तर पक्का आहे. म्हणजे औषध धरलं होतं. मग मला विचारलं, बाई, त्या दिवशी तुम्ही हा फिरवला होता?

मी म्हणाले, "मी स्टोअर बघते. मशीनमधलं मला कळत नाही."

कडूबाभाऊ माझ्याकडे बघत नव्हते. ते बोल्टाकडे बघत होते. नटाखाली दोऱ्याची गाठ तशीच राहिली होती, कापलेली दोन टोकं वर. मग ते साहेबाला म्हणाले, "पंच उशिरा बोलतो साहेब. त्याला इलाज न्हाई." आणि बाहेर गेले.

बोल्ट मी परत ड्रॉवरमध्ये टाकला. फाईलवर शेरा पडला: निष्काळजीपणा, जास्तीचे सीलंट पुसले नाही. त्यांना राजीनामा द्यायला लावला. जाताना स्टोअरची हत्यारं मोजून जमा केली, प्रत्येक पान्हा पुसून. मी सही घेतली. "येतो ताई," म्हणाले, नेहमी म्हणायचे तसंच.

नंतर भोकरदनकडचा कुणी आला की कानावर यायचं. गावात विहिरीच्या मोटारी दुरुस्त करतात. बरं चाललंय. मी पुढे विचारायची नाही.

आज दुपारी अर्धी रजा टाकली आणि बोल्ट नि चिठ्ठी पिशवीत घालून भोकरदन गाडी पकडली. राजूर गेलं, पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना रब्बी ज्वारीची पेरणी चाललेली. घर शोधावं लागलं नाही. स्टँडवर एका म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला, "कोण, बी नासवणारा कडूबा व्हय? त्या निंबापाशी." त्याने ते वाईटपणाने म्हटलं नाही. नाव असतं तसं म्हटलं.

अंगणात पोत्यावर बसून ते पंपाचा सांधा बांधत होते. कमरेला चिंधी. केस पांढरे झालेत, चष्मा आलाय. मला ओळखायला वेळ लागला नाही. मी बोल्ट हातात दिला. त्यांनी नट फिरवून पाहिला, म्हणाले, "धरून हाय की अजून."

मग चिठ्ठी दिली. चष्मा वर करून त्यांनी ती वाचली, दोनदा. विचारलं, "आता का आल्या?"

"ड्रॉवर रिकामा करायचा होता."

ते हसले. खरंच हसले. म्हणाले, तवा दिली अस्ती तर तुमचीबी गेली अस्ती, दोघांची कशाला. मला हे सोपं गेलं असतं, पण त्यांची बायको गयाबाई दारात उभी होती. ती नाही हसली.

"त्यांची नौकरी गेली त्याचं काय न्हाई बाई," ती म्हणाली. "पर त्या सालापून यांनी चाड्यावर मूठ धरली न्हाई. जाऊबाई म्हन्ली, ज्यानं लोकांचं बी नासवलं त्याचा हात आमच्या बियाला नगं. भाऊ बी गप राह्यला. अकरा वर्सं हे पेरणीच्या दिशी घरात बसून राह्यले. ते वाचून दाखवा तिला."

कडूबाभाऊ नको म्हणत होते. मी उठले. साहेबराव आणि त्यांची बायको मागच्या अंगणात उद्याच्या पेरणीचं बी निवडत होते. मी स्वतःची ओळख सांगितली, चिठ्ठी वाचली आणि ती मीच लपवली होती हे सांगितलं. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला, मला वाटतं रागाने, पण राग माझ्यावर होता की आणखी कुणावर ते कळलं नाही. साहेबराव बराच वेळ सुपातलं बी बोटांनी सारत राहिले. मग पुढच्या अंगणात आले आणि खाली बघत म्हणाले, "दादा, उद्या वावरात ये. मूठ तू धर."

कडूबाभाऊंनी चिंधी मांडीवर ठेवली आणि उजवा हात पुढे केला. मूठ वळली. हात थरथरत होता. थोडा नाही, चांगलाच. त्यांनी बोटं जराशी उघडली, आणि नसलेलं बी कसं सांडलं ते आम्हा सगळ्यांना दिसलं.

"दोन सालं झाली," ते म्हणाले. "आता बराबर पडत न्हाई. एका जागी दाट, एका जागी पातळ. तूच धर बाबा."

गयाबाईने चहा ठेवला. मी चहा घेतला. चिठ्ठी मी परत मागितली, तिचं एक काम बाकी होतं. बोल्ट त्यांनी ठेवून घेतला. पाचची गाडी होती. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते पुन्हा पंपावर वाकले होते. डाव्या हाताने उजवं मनगट धरून सांध्याच्या कडेने चिंधी फिरवत होते, हळूहळू, पूर्ण एक फेरी.

१२ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी साडेनऊला मी ऑफिसात गेले आणि कारकुनाला कडूबाभाऊंची जुनी फाईल काढायला सांगितली. त्याला ती शोधायला वेळ लागला. मी कोऱ्या कागदावर चिठ्ठी चिकटवली आणि खाली लिहिलं: ही चिठ्ठी माझ्या हातची आहे, नट मी स्वतः फिरवला होता, चौकशीच्या दिवशी दोरा मी कापला. तारीख, सही. कारकुनाने वाचलं.

"बाई, तो माणूस तर जाऊन किती वर्षं झाली. हे आता कोण बघणार?"

"कुणी नाही."

"मंग?"

"मग लावा."

त्याने कागदाला दोन भोकं पाडली. गोंद जास्त झाला होता, चिठ्ठीच्या कडेने बाहेर आला होता. मी रुमालाने तो चारही बाजूंनी पुसला, कागद फाईलला लागल्याचं पाहिलं आणि नव्या शेडकडे गेले. रॅक लावायचे होते.